दोन आसनी हंटर : नाकामागची भेग पुन्हा पुन्हा का उघडते

प्रश्न साधारण असा येतो. हंटर या लढाऊ जेट विमानाचं एकआसनी प्लॅस्टिक मॉडेल किट घेतलं, पुढचा भाग कापून दोन आसनी नाक जोडलं, सांध्यात लांबी (म्हणजे पुट्टी) भरली, घासली, प्रायमर मारला, रंग झाला. सगळं झकास. मग जुलैत कधीतरी कपाट उघडावं, तर इनटेकच्या (इंजिनात हवा शिरायच्या तोंडांच्या) पुढे, धडाला वळसा घालून केसाएवढी रेघ. परत लांबी, परत पॉलिश पेपर, परत रंग. पुढच्या पावसाळ्यात रेघ तिथल्या तिथे. आपल्या कोल्हापूरच्या मॉडेलवाल्या मंडळींत याचं खापर सरसकट पावसावर फुटतं. हवा दमट, प्लॅस्टिक फुगतंय, आपण काय करणार.

प्लॅस्टिक फुगत नाही. किटचं पॉलिस्टायरीन पाणी जवळजवळ पीतच नाही. पंचगंगा पात्राबाहेर आली तरी त्याला सोयरसुतक नसतं. फुगतं, आकसतं, सरकतं ते आपण धडाच्या आत कोंबलेलं सामान आणि बाहेरून थापलेली लांबी. आणि मुळात लांबी हे सांधा धरायचं सामान नाहीच. चिरलेल्या भिंतीवर कितीही वेळा डिस्टेंपर मारा, भिंत हलत असेल तर चीर वर येणारच. तसंच आहे हे. भेग बाहेर दिसते, पण तिचं कारण दहातल्या नऊ वेळा आत असतं. म्हणून पुट्टीची ट्यूब उघडायच्या आधी टॉर्च घ्या.

हंटरबद्दलच लिहितोय, कारण हा सांधा त्यात टाळताच येत नाही. हवाई दलात हंटर १९५७ पासून आलं, १९७१ च्या डिसेंबरात लोंगेवालाच्या वाळवंटात जैसलमेरहून उडालेल्या हंटरनी पाकिस्तानी रणगाड्यांचं काय केलं ते सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे एकआसनी मार्क ५६ प्रत्येकाच्या कपाटात असतं. शेजारी उभं करायला दोन आसनी टी.६६ हवंसं वाटतं. १/७२ प्रमाणात (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं) मॅचबॉक्स कंपनीचं दोन आसनी टी.७ चं जुनं किट आहे, मग तेच भारतीय रंगात रंगवून का भागत नाही? कारण इंजिन. ब्रिटिश टी.७ हे एफ.४ या आधीच्या एकआसनी हंटरच्या पिढीचं, एव्हॉन १०० मालिकेचं इंजिन, शेपटीकडचा पाइप बारीक. टी.६६ हे एफ.६ या नंतरच्या एकआसनी हंटरच्या घरातलं, एव्हॉन २०० मालिका, पाइप जाड. शिवाय टी.७ वर ३० मिलिमीटरची एडन तोफ एकच, उजवीकडे, टी.६६ वर दोन्ही बाजूंना एकेक. म्हणजे नाक मॅचबॉक्सचं आणि बाकीचं धड रेव्हेलच्या १/७२ हंटरचं, अशी सोयरीक करावी लागते. एफजीए.९ (एफ.६ वरूनच झालेलं हल्ल्याचं रूप) चा डबा मिळाला तर तोच घ्या, ब्रेक पॅराशूटचा पाइपवरचा फुगवटा त्यात आयता येतो.

एक माप आत्ताच लिहून ठेवा. एफ.६ ची लांबी ४५ फूट १०.५ इंच, टी.७ ची ४८ फूट १०.५ इंच. नाक तीन फुटांनी वाढलं. १/७२ ला ते १२.७ मिलिमीटर होतं, १/४८ ला १९. टेपने तात्पुरतं जोडून एकूण लांबी १/७२ ला २०७ मिलिमीटरच्या आसपास येतेय का बघा. येत नसेल तर काप चुकीच्या जागी पडलाय, आणि मग तो फरक भरायला लोक सांध्यात लांबीचा जाड थर देतात. तो थर म्हणजे पुढच्या वर्षीची भेग.

भेग कधी आली, ते आधी सांगा

कुणी फोटो पाठवून विचारलं की मी भेग किती मोठी आहे हे विचारत नाही, कधी दिसली ते विचारतो. निम्मं निदान तिथेच होतं.

घासता घासताच किंवा त्याच संध्याकाळी दिसली, तर सांधा हलतोय. आत आधार नाही. पंधरवड्याच्या आत दिसली आणि हात फिरवल्यावर भेगेऐवजी बारीक पन्हळ लागत असेल, तर लांबी आकसतेय. प्रायमरवर काहीच नव्हतं आणि पोटाला चंदेरी रंग मारल्याबरोबर उमटली, तर ती भेग नाहीच, दोन पदार्थांच्या कडकपणातला फरक आहे. आणि काही महिने, वर्षभर सगळं छान राहून मग उघडली, त्यातही सांध्याच्या कडा किंचित बाहेर उचलल्यासारख्या वाटत असतील, तर आतून काहीतरी ढकलतंय. हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा.

खात्री करायला खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च शेपटीच्या पाइपला किंवा नाकाच्या चाकाच्या खाचेला लावा. रंगवलेल्या धडातून उजेड येत नाही, पण आरपार भेग असेल तर सोनेरी धागा दिसतो. मग विमान कानाजवळ धरून नाक आणि शेपटी दोन बोटांनी हलकेच वाकवून बघा. बारीक 'कट्' असा आवाज आला की समजायचं, सांधा कधीच सुटलाय, फक्त रंग त्याला धरून बसलाय.

हलणारा सांधा

धडाची भिंत असते जेमतेम एक मिलिमीटर. कापलेल्या दोन कडा तोंडाला तोंड लावून चिकटवल्या तर चिकटायला जागा तेवढीच. त्यावर विमान नाकाला धरून उचललं जातं, घासताना वाकवलं जातं, पंख बसवताना दाबलं जातं. सायनो गोंद (झटपट चिकटणारा, फेविक्विकसारखा) ओढायला चिवट, पण वाकवायला ठिसूळ. असा सांधा त्याच्यावर सोडला की एका झटक्यात सुटतो.

उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाच्या साच्याचे नमुने) करणाऱ्या एका काकांना मी असाच एक सांधा दाखवला होता. त्यांनी धड हातात घेतलं, नाक अंगठ्याने जरासं दाबलं आणि म्हणाले, "ह्यात डॉवेल कुठाय? नुसतं तोंडाला तोंड लावून काय धरतंय व्हय?" दोन भागांचा पॅटर्न करताना ते एका भागात पिना बसवतात, दुसऱ्यात तंतोतंत भोकं, म्हणजे दोन्ही भाग दर वेळी त्याच जागी बसतात आणि बाजूला सरकत नाहीत. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत रोज चालणारी गोष्ट. विमानाच्या नाकाला तीच लागते, फक्त पीन एक मिलिमीटरची.

मी सुचवतो ती पद्धत अशी. कापायला सोनारी करवत वापरा. गुजरीत सोनारकामाच्या सामानाच्या दुकानात पाती मिळतात, ४/० नंबरची घ्या. हॉबीच्या महागड्या करवतीपेक्षा काप बारीक पडतो आणि प्लॅस्टिक कमी खातो. काप इनटेकच्या तोंडापुढे जी उभी पॅनेल रेघ (पत्र्यांच्या जोडाची कोरलेली रेघ) असेल तिच्यावरच घ्या, अधेमधे नको. तिथे कधी पुसटशी रेघ उमटलीच तरी ती पॅनेलची म्हणून खपते. पातं रेघेवरून घसरू नये म्हणून मास्किंग टेपचे चार-पाच थर एकावर एक लावून कड तयार करा. धडाचे दोन्ही अर्धे चिकटवायच्या आधीच कापा. चिकटवलेलं धड गोल फिरवत कापलं की सुरुवात आणि शेवट सहसा जुळत नाहीत.

आता महत्त्वाचं. नाक पूर्ण जोडून मग ते पूर्ण धडाला लावायचं, की आधी डावं नाक डाव्या धडाला आणि उजवं उजव्याला? दोन्हीही किटच्या प्लॅस्टिकचे असतील तर माझं मत दुसऱ्या पद्धतीला. काचेचा सपाट तुकडा घ्या. धडाचा अर्धा भाग आणि नाकाचा अर्धा भाग, दोन्ही मधल्या जोडाची कड खाली करून काचेवर टेकवा. आपोआप एका पातळीत येतात, नाक डावी-उजवीकडे वळायचा प्रश्नच मिटतो. वर-खालीसाठी काचेच्या खाली आखलेला कागद ठेवा, त्यावर विमानाची मधली रेघ ओढलेली. नाक झुकलं की लगेच कळतं. आणि मुख्य म्हणजे आतली बाजू उघडी असते, तिथे आधार द्यायला हात पोचतो.

आधार म्हणजे आतून लावलेल्या पट्ट्या. सात-आठ मिलिमीटर रुंद, निम्मी पट्टी धडाच्या आत, निम्मी नाकाच्या आत. अखंड कडं वाकवायच्या नादी लागू नका, तीन-चार तुकडे करा, वळणाला धरून बसतात. पट्टी पॉलिस्टायरीनचीच हवी, म्हणजे किटचं सिमेंट (प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा गोंद) दोन्हीला विरघळवून एकजीव करतं. इथे आपल्याकडे हमखास घोळ होतो. बोर्डवाल्यांकडचा सनबोर्ड हा पीव्हीसीचा फोम आहे, किटच्या सिमेंटने तो नीट धरत नाही. श्रीखंडाचे, दह्याचे डबे बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे, त्याला तर काहीच चिकटत नाही. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो: ६ असेल तर पॉलिस्टायरीन, बिनधास्त वापरा, ५ असेल तर परत कचऱ्यात. आणि आइस्क्रीमच्या काड्या आत घालू नका. मजबूत म्हणून खूप जण धडात आडव्या-उभ्या काड्या चिकटवतात. लाकूड मात्र पाणी पितं, आणि रेषांच्या आडव्या दिशेने चांगलं फुगतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत फुगायचं, उन्हाळ्यात आकसायचं. दर वर्षी तेच. 'दर पावसाळ्यात भेग' म्हणणाऱ्यांनी ही काडी आधी शोधावी.

पट्ट्या बसल्या की दोन पिना. पितळेची एक मिलिमीटरची तार, तीही गुजरीत मिळते. आतल्या बाजूने, भिंतीला समांतर, नाकातून धडात जाणारी. दोन्हीकडे पट्टीच्या जाडीत भोक पाडून. धातूला सिमेंट लागू पडत नाही, त्यामुळे पिनेपुरतं अराल्डाइट (इपॉक्सी), तेही सावकाश सुकणारं. पाच मिनिटांवालं घाईला बरं असतं, पण हळू सुकणारं जास्त चिवट होतं.

नाक रेझिनचं असेल तर हिशेब बदलतो. रेझिन म्हणजे पॉलियुरेथेन, त्याला किटचं सिमेंट शून्य कामाचं. वर साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य राहिलेलं असतं. भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात ब्रशने धुवा, वाळवा, चिकटायची कड ओल्या पॉलिश पेपरने खरबरीत करा. ओल्याच, कारण रेझिनची धूळ छातीत जाऊ द्यायची नाही, मास्क लावा. मग पिना तीन, त्याही लांब, आणि सगळं इपॉक्सीवर. रेझिनच्या भरीव नाकाचं वजनही बऱ्यापैकी असतं, त्यामुळे पुढे शिसं घालायची गरज उरतेच असं नाही.

नाकातलं शिसं

हंटर तीन चाकांवर उभं राहतं, नाकात वजन नसेल तर शेपटीवर बसतं. म्हणून नाकात शिशाचे छर्रे घालतात आणि ते खुळखुळू नयेत म्हणून वर सुतारकामाचा पांढरा गोंद ओततात. स्वस्त, सोपा, आणि आतून सांधा फोडायचा खात्रीचा उपाय.

पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट. बंद जागेत त्यातून थोडं थोडं अ‍ॅसिटिक आम्ल सुटत राहतं. शिसं, अ‍ॅसिटिक आम्लाची वाफ, दमट हवा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड, ही चौकडी जमली की शिशाचा पांढरा कार्बोनेट तयार होतो. रंगासाठी सफेदा जुन्या काळी मुद्दाम अशाच पद्धतीने करत, शिशाचे पत्रे सिरक्याच्या वाफेवर ठेवून. आपण तोच कारखाना हंटरच्या नाकात काढतो. शिशाची घनता ११.३, कार्बोनेटची साधारण ६.६, वर त्यात कार्बन आणि ऑक्सिजनची भर. म्हणजे जेवढं शिसं बदलतं, त्याची जागा दुपटीहून जास्त होते. बंद नाकात ती जागा कुठून येणार? सांध्यातून. रेल्वेची छोटी मॉडेलं करणाऱ्यांना हे दुखणं फार जुन्या काळापासून माहीत आहे, इंजिनांच्या टाक्या फुटलेल्या त्यांनी पाहिल्यात.

ओळखायचं कसं? नाकाच्या चाकाच्या खाचेतून सुईने थोडं खरवडा. पांढरी, खडूसारखी भुकटी आली तर निदान पक्कं. ती भुकटी विषारी आहे. फुंकर मारू नका, ओल्या कापडाने पुसा, हात धुवा, घरात लहान मुलं असतील तर हे काम जेवणाच्या टेबलावर नकोच.

यावर बाहेरून काहीही करून उपयोग नाही. नाक उघडायचं, शिसं सगळं काढायचं. अर्धवट काढून वर इपॉक्सी ओतली तर आत राहिलेलं चालूच राहतं.

मग वजन कशाचं? सायकलवाल्याकडे हबचे लोखंडी छर्रे मिळतात. लोखंडाची घनता ७.८, म्हणजे शिशाच्या दीडपट जागा लागते, पण दोन आसनी नाक रुंद असल्यामुळे ती मिळते. ग्रीस पेट्रोलने धुऊन काढा आणि इपॉक्सीत पूर्ण बुडवा, नाहीतर गंजतील. जागा फारच कमी असेल तर उद्यमनगरात टिग वेल्डिंग करणाऱ्यांकडे इलेक्ट्रोडची उरलेली टोकं पडलेली असतात. ते टंगस्टन, घनता १९.३, शिशाहून कितीतरी जड. लाल रंगाची खूण असलेली घेऊ नका, त्यात थोरियम असतं, किरणोत्सारी. बाकी रंगांचीही थोरियम नसल्याची खात्री करूनच घ्या, काही इतर रंगांतही ते असतं. इपॉक्सी ओतताना एकदम नाकभर ओतू नका. जास्त माल एका जागी असला की सुकताना तापतो आणि पातळ प्लॅस्टिक वाकडं करतो. थोडी थोडी, मधे वेळ देऊन. किती वजन लागेल ते टेपने जोडलेलं विमान मुख्य चाकांच्या रेषेखाली पेन्सिल ठेवून तोलून बघा, पुढे झुकलं की वर थोडं आणखी घाला. शेपटी आणि पंखाखालच्या टाक्यांसकट तोला, त्या मागाहून लावल्या की हिशेब चुकतो.

लांबी

आत आधार आहे, शिसं नाही, काडी नाही, तरी पन्हळ पडतेय, तर दोष लांबीचा. गाड्यांच्या रंगकामातली एनसी पुट्टी पातळ होते ती थिनरमुळे, आणि थिनर उडून जातो तेव्हा तेवढी जागा रिकामी होते. वरून कोरडी लागते, आत ओली असते. त्यात तिचा थिनर पॉलिस्टायरीनलाही मऊ करतो. जाड थर दिला की खालचं प्लॅस्टिकसुद्धा लवचीक होऊन नंतर आकसतं. पावसाळ्यात सगळं आणखी सावकाश. आज भरली, उद्या घासली, परवा प्रायमर, म्हणजे पन्हळ पक्की.

एनसी पुट्टी वापरायचीच असेल तर फक्त ओरखडे आणि टाचणीएवढ्या खड्ड्यांना. सांध्याला नको. सांध्यासाठी माझी पसंती किटच्याच प्लॅस्टिकला: स्प्रूचे (किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिचे) बारीक तुकडे पातळ सिमेंटच्या बाटलीत विरघळवायचे, ब्रशवरून धार तुटत तुटत पडेल इतपत घट्ट. सांध्याच्या दोन्ही कडा बाहेरून घासून आधी 'व्ही' मारा, वेल्डर जाड पत्रा जोडायच्या आधी मारतो तसाच, आणि त्या खाचेत हे द्रावण भरा. सुकल्यावर ते पुन्हा पॉलिस्टायरीनच होतं, आजूबाजूइतकंच कडक. तोटा एकच, वेळ. आठवडाभर हात लावायचा नाही, पावसाळ्यात त्याहून जास्त. तेवढ्यात पंख, चाकं, कॉकपिट करा. शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन सीटा रंगवण्यातच बराच वेळ जातो.

घाई असेल तर सायनोमध्ये टाल्कम पावडर मिसळून भरा आणि तासा-दोन तासांत घासा. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवलं तर ते प्लॅस्टिकहून कितीतरी कडक होतं. खाण्याचा सोडा नको. सोड्याने सायनो क्षणात घट्ट होतो हे खरं, पण घासायला दगड आणि कड ठिसूळ. आणि कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) बसवल्यावर आसपास सायनो उघडा ठेवू नका, काचेवर पांढरी वाफ धरते.

चंदेरीवर उमटणारी रेघ

यात फुटलेलं काही नसतं. प्लॅस्टिक मऊ, पुट्टी कडक, किंवा उलट. पॉलिश पेपरखाली मऊ भाग जास्त झिजतो आणि दोघांमध्ये केसाच्या जाडीची पायरी उरते. करडा प्रायमर ती लपवतो, चंदेरी रंग उघडी पाडतो. भारतीय हंटरचं पोट चंदेरी आणि पाठ गडद हिरवी व गडद करडी, त्यामुळे पाठीवर बिनबोभाट खपलेला सांधा पोटाला बोंब मारतो. म्हणून प्रायमरच्या आधी सांध्यावर चंदेरीचा एक पातळ हात मारूनच बघा, स्वस्त स्प्रेचा चालतो. घासताना पेपर बोटावर न धरता सपाट पट्टीवर चिकटवून धरा, आणि सांध्याच्या कडेकडेने न जाता तिरका फिरवा. ४०० ने आकार, ६०० ने सफाई, १००० ने शेवट. त्यापुढे या कामाला गरज नाही.

रंगवलेलं विमान फुटलंय, आता काय

भेगेत पातळ सायनो सोडायचा मोह होतो. तो आत शिरतो खरा, पण चिकटतो जुन्या लांबीच्या भुकटीला आणि रंगाला, प्लॅस्टिकला नाही. चार महिने निघतात.

नाक निघत असेल तर काढाच: ४/० चं पातं भेगेत घाला, हळूहळू पूर्ण फिरवा, नाक वेगळं करा, दोन्ही कडांवरची जुनी लांबी प्लॅस्टिक दिसेपर्यंत खरवडा, आणि वरची पट्ट्या-पिनांची पद्धत. आतून हात पोचत नसेल तर पट्ट्या धडाच्या बाजूला आधी चिकटवून, सुकवून, मग नाक त्यावर सरकवायचं.

नाक काढणं शक्य नसेल, म्हणजे इपॉक्सी आत घट्ट बसलीय आणि तरी एका बाजूला भेग आहे, तर टाके घाला. भेगेला आडव्या, पाच-सहा मिलिमीटर लांबीच्या, भिंतीच्या अर्ध्या जाडीइतक्या खोल खाचा पाडा, सेंटिमीटरभर अंतराने. प्रत्येकीत पॉलिस्टायरीनची पट्टी सिमेंटने बसवा, सुकल्यावर वरचा भाग सपाट घासा. दिसायला भयंकर दिसतं, पण सांधा हलायचा थांबतो. त्यावर मग भरायचं ते भरा.

रंग पूर्ण विमानाचा काढायची गरज नाही. पुढची आणि मागची पॅनेल रेघ धरून मास्किंग करा, तेवढाच पट्टा नव्याने रंगवा. पाठीवर हिरव्या-करड्याची हद्द जिथे आहे तिथे थांबा. पोटाला मात्र एका पॅनेलपासून दुसऱ्या पॅनेलपर्यंत पूर्ण पट्टा मारा, चंदेरीत ठिगळ लगेच दिसतं. थोडी वेगळी छटा आली तरी चालते, खऱ्या विमानांचेही पत्रे एकसारखे चमकत नाहीत.

कॅनॉपीमागचा फुगवटा लोक शेवटी बसवतात आणि तिथे पायरी राहते, मग तिथूनच भेग सुरू होते. तो नाकाबरोबरच, त्याच बैठकीत बसवा, आणि पाठीच्या कण्यावर अलगद विरत जाईल असा घासा. दोन आसनी हंटरचा पहिला नमुना पी.११०१ हा ८ जुलै १९५५ ला उडाला, आणि नेमका हाच भाग त्यांनाही नडला होता: वेगात हवा तिथे खवळायची, विमान थरथरायचं, म्हणून कॅनॉपी आणि मागच्या फुगवट्याचा आकार पुन्हा पुन्हा बदलावा लागला. फोटो बाजूने आणि वरून, दोन्ही समोर ठेवून घासा, नुसत्या बाजूच्या चित्रावर विसंबलात तर फुगवटा अरुंद होतो.

आता डब्यात उरतं ते रेव्हेलचं एकआसनी नाक आणि मॅचबॉक्सचं बारीक पाइपचं धड. फेकू नका. एकआसनी नाक आणि एव्हॉन १०० ची शेपटी म्हणजे ढोबळमानाने एफ.४ होतं, एकाच खर्चात दुसरं विमान. मापं आणि पंखाची पुढची कड तेवढी फोटोंवरून तपासा, एफ.६ च्या पंखाला असलेला दाता एफ.४ ला मुळात नव्हता. पट्ट्या आणि पिना इथेही पहिल्याच दिवशी.